जलपूजनाचा बळी

१

गुरुवारी सकाळी, स्वच्छ उन्हात, भरगच्च सभेच्या देखत आणि टाळ्यांच्या गजरात एक मृत्यू झाला. मरणाऱ्याचं वजन चिमूटभर, रंग राखाडी, आणि नाव इतकं लांब की निमंत्रणपत्रिकेत ते बसवायचा नाद छापखान्याने सोडून दिला होता.

घटना घडली बोर्ली पंचतनच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर. गच्ची नवी होती. चक्रीवादळात महाविद्यालयाचे पत्रे उडून दिवेआगरच्या वाड्यांत जाऊन बसले, म्हणून वर स्लॅब घातला, आणि स्लॅब घातला म्हणून डॉ. आतिफा सरखोत या रसायनशास्त्राच्या बाईंना हक्काचं ऊन मिळालं. त्या उन्हात त्यांनी काचेची एक उथळ टाकी मांडली. टाकीत पाणी, पाण्यात काचेच्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर त्यांनी स्वतः बनवलेल्या पावडरीचा लेप: टिटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्या अंगावर प्लॅटिनमचे त्याहून सूक्ष्म कण. ऊन पडलं की पट्ट्यांवरून बुडबुडे सुटत. तो हायड्रोजन. तो नळीने रबरी पिशवीत जाई आणि पिशवीतून शेगडीला. थोडक्यात, ऊन आणि पाणी एवढ्यावर चहा. पावडर स्वतः खर्ची पडत नसे. नुसती हजर राहून दुसऱ्याकडून काम करून घेई. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. हे नाव प्राचार्यांनाही शोभलं असतं, पण ते हजर असले की काम थांबत असे.

मुंबईहून तपासणी समिती आली होती. प्राचार्य शिवदास वेळासकरांनी आग्रहाने जलपूजन ठेवलं. पाहुण्यांनी चांदीच्या तांब्यातलं पाणी टाकीत ओतलं, टाळ्या झाल्या, भाषणं सुरू झाली. पहिल्या भाषणात बुडबुडे विरळ झाले. प्राचार्यांच्या भाषणात ते थांबले. ते भाषण ऐकून कोणाचाही श्वास थांबला असता, म्हणून आधी कुणाला संशय आला नाही.

समितीच्या अध्यक्षबाईंनी थंड टाकीकडे पाहिलं, मग आतिफाकडे.

"डॉक्टर, तुमच्या शोधनिबंधातले आकडे मग आले कुठून?"

आतिफा वाकून पट्ट्या तपासू लागली.

"सोमवारी परत येतो. तोवर उत्तर तयार ठेवा. नाहीतर निबंध मागे घ्यावा लागेल, आणि ही गच्ची वाळवणाला मोकळी होईल."

आतिफा तडक गेली ती मावशीकडे. दारातच म्हणाली, "बानूखाला, माझ्या पावडरीला कुणीतरी विष घातलं."

खाला कोळंबी सोलत होत्या. त्यांनी हात धुतले. "नाव सांग," त्या म्हणाल्या. "पुढचं मी बघते."

"नावच तर माहीत नाही!"

२

बानूखाला, म्हणजे शहरबानू मुकादम, माफ करत नसत. धर्माने माफीची शिकवण दिली होती, पण ती त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. शेजारणीने एकदा नेलेलं पातेलं परत केलं नाही, त्या गोष्टीवरून, शेजारणीला नातवंडं झाली तरी, त्या तिच्याशी बोलत नव्हत्या. उभी नोकरी उरणच्या बाजूला, बंदरावर, कस्टममध्ये गेली. कंटेनर उघडायच्या आधी आत काय लपवलंय ते त्या वासावरून सांगत, आणि लपवणाऱ्याचं तोंड कायमचं लक्षात ठेवत. निवृत्त झाल्यापासून दोन्ही गुणांना काम नव्हतं. भाचीचं रडणं ऐकून त्यांना दुःख झालं हे खरं. पण अंगात हुशारीही आली, हेही खोटं नाही.

शुक्रवारी दुपारी त्या गच्चीवर चढल्या. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती: 'येथे अंडी आणू नयेत.' या पाटीवरून गावात दोन मतं पडली होती. एका मताप्रमाणे आतिफाबाई शाकाहारी झाल्या होत्या, दुसऱ्याप्रमाणे त्यांना पथ्य होतं.

"अंड्यात गंधक असतो, खाला," आतिफा म्हणाली. "प्लॅटिनमला गंधक एकदा चिकटला की सुटत नाही. कण जागच्या जागी दिसतो, पण काम करत नाही."

"म्हणजे बढती मिळाल्यासारखा."

"खाला, चेष्टा नको. बुधवारी सगळं ठीक होतं. गुरुवारी सकाळीसुद्धा बुडबुडे येत होते. पाणी मी स्वतः शुद्ध करून तांब्यात भरलं. तांब्याचं भांडं चालणार नाही म्हटलं, तांबं पाण्यात उतरतं. स्टीलचं पाहुण्यांच्या हातात शोभेना. म्हणून सरांनी घरून चांदीचा आणला. पूजेपर्यंत तो टाकीजवळ फडक्याखाली झाकलेला होता."

शहरबानूंनी टाकीवर वाकून नाक ओढलं. नाकाला काहीतरी ओळखीचं लागलं, पण निसटलं. त्यांनी एका बाटलीत ते पाणी भरलं, बोटातली चांदीची अंगठी काढून दुसऱ्या बाटलीत टाकीतलंच थोडं पाणी घेऊन त्यात टाकली आणि झाकण लावलं. पहिल्या बाटलीला मेणबत्तीवर लाख वितळवून सील ठोकलं. निवृत्तीच्या दिवशी सगळे कचेरीतून घड्याळ आणतात, त्यांनी लाखेची कांडी आणली होती.

दुपार कलल्यावरची असरची नमाज पढून त्या परत आल्या तेव्हा अंगठी काजळासारखी काळी झाली होती. समुद्राच्या हवेने या किनाऱ्यावर सगळ्यांचीच चांदी मळते, पण अशी आणि इतक्यात नाही. त्यांनी झाकण काढून पुन्हा वास घेतला. या वेळी तो निसटला नाही.

"हा माल माझ्या मसाल्याच्या डब्यात आहे, पोरी. पादेलोण, काळं मीठ. अंड्यासारखा वास मारतं ते; चांदी काळी करणारा तुझा गंधक त्यातच."

आतिफाने बाटली ओढून घेतली. "खाला, पादेलोण तर कैसने आणलं होतं."

३

कैस हा आतिफाचा चुलतभाऊ आणि एके काळचा होणारा नवरा. ओमानहून परतल्यावर त्याने दिवेआगरला सुपारीच्या वाडीत चार खोल्या बांधल्या होत्या आणि पर्यटकांना कोकमाचं मसाला सरबत पाजत होता. साखरपुडा ठरला होता. आतिफाने मोडला; प्रयोग अर्धा राहील म्हणाली. त्यानंतर वाडीत कुणी 'विज्ञान' हा शब्द उच्चारला तरी कैस सरबतात साखर कमी घालतो, असं पर्यटक म्हणत.

"बदला घ्यायचा असता तर मी लग्न केलं असतं तिच्याशी," तो म्हणाला. "अल्लाकसम खाला, मी फक्त सरबत द्यायला गेलो होतो. तेही सरांनी बोलावलं म्हणून."

"पादेलोण कशाला नेलंस?"

"मसाला सरबत पादेलोणाशिवाय? मग तो नुसता लाल रंग. पण आतिफाने येतानाच अडवलं. म्हणाली, कैस, ते त्या टोकाला ठेव, चमचाभर टाकीत गेलं तर माझी सगळी मेहनत गेली. मोठ्याने म्हणाली. मी ऐकलं, रितेशने ऐकलं, वेळासकर सरांनीही ऐकलं."

"मग ते टोकालाच राहिलं?"

कैसने डोकं खाजवलं. "राहिलं असतं. पण सरांनी वाटी मागवली. सरबत अळणी झालंय म्हणे. भरून दिली. परत आली ती रिकामी. मला वाटलं, आवडलं असेल."

"अख्खी वाटी पादेलोण माणूस आवडीने खातो?"

"आता तुम्ही म्हणताय तर विचित्र वाटतं."

"कैस, गावात सगळे तुझ्याकडे बोट दाखवतायत. मोडलेला साखरपुडा, तुझं पादेलोण. ही वाटीची गोष्ट तुझ्याशिवाय कोण सांगेल?"

"सांगेल की," कैस म्हणाला. "वाटी मी नेलीच नाही. मी गिऱ्हाइकांत अडकलो होतो. वाटी रितेशने नेली."

४

रितेश तांडेल हा आतिफाचा सहायक, उरणचा. नवी मुंबईतल्या एका कंपनीच्या नोकरीत त्याचा पाय अर्धा अडकला होता आणि निबंधावर आतिफाच्या मागे त्याचं नाव दुसरं होतं.

"माझ्यावर डाऊट आहे ना, मॅडम? बिनधास्त विचारा. आपण एकदम क्लियर."

"नाव दुसरं आलं, राग नाही आला?"

"आला ना. दोन दिवस जेवलो नाय. मग आईने सुरमई केली, तर जेवलो."

"वाटी कुणाला दिलीस?"

"सरांना. हातात. टाकीला चिकटूनच त्यांची खुर्ची होती. देऊन मी नळ्या चेक करायला गेलो. परत आलो तर वाटी खुर्चीखाली, एकदम रिकामी."

"तू टाकीत रोज पाणी घालतोस?"

"रोज सकाळी. टाकीची चावी माझ्याकडेच असते."

शहरबानूंनी मान डोलावली. हे उत्तर त्यांना फार आवडलं. रितेश मात्र ते त्याच्या विरुद्ध गेलं असं समजून दोन दिवस पुन्हा जेवला नाही.

खाली व्हरांड्यात दादू शिपाई बाकावर पाय पसरून बसला होता. पूजा झाल्यावर तांब्या कुणी उचलला, असं त्यांनी विचारलं.

"मीच, बाय. सायबांच्या केबिनात नेऊन ठेवला." दादूने इकडेतिकडे पाहिलं. "आतून काला कुट्ट! चुलीवरच्या भांड्यागत. म्हटलं, सायबांच्या घरी भांडी घासतात का न्हाय?"

"साहेब काय म्हणाले?"

"कायच न्हाय. गप फडक्यात गुंडालला आन् घेऊन गेले."

"ओरडले नाहीत? तुझ्यावर? कुणावरच?"

दादू विचारात पडला. "व्हय की. न्हाय ओरडले." आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

५

प्राचार्य वेळासकर ओरडले नाहीत, हे ऐकून या महाविद्यालयात कुणाचंही तोंड उघडं राहिलं असतं. ते ज्या खोलीत शिरत त्या खोलीत काहीतरी कमी असे. खडू मऊ, पंखा तिरका, चहा कडक. एकदा फळ्याचं डस्टर हरवलं तेव्हा त्यांनी प्रार्थनेनंतर सगळ्या वर्गांना उन्हात उभं करून चौकशी केली होती.

शनिवारी त्यांनी शहरबानूंना बसायला सांगितलं आणि खुर्ची डुगडुगते याबद्दल खुर्चीलाच दोष दिला.

"मी तुमच्या दुःखात सहभागी आहे," ते म्हणाले. "पण सत्य ते सत्य. पाणी शुद्ध होतं, मी जातीने खात्री केली. तांब्या शुद्ध. भावना शुद्ध. खोट पावडरीत."

"सरबत कसं होतं हो? कैस आमचा घरचाच."

"पादेलोण मारे ओतलं होतं. एक घोट घेऊन ठेवून दिलं. मला रक्तदाब आहे, डॉक्टरांनी मीठ तोडलंय. पादेलोणाला तर मी हातही लावत नाही."

टेबलावर चांदीचा तांब्या होता. शहरबानूंनी परवानगी न विचारता तो उचलून खिडकीकडे नेला. अरुंद गळ्यातून उजेड आत गेला आणि आरशासारखा परत आला.

"छान ठेवलाय. आतूनसुद्धा."

"स्वच्छता ही मला जन्मजात—"

पण शहरबानूंची नजर काचेच्या कपाटावर अडकली होती. आत मानचिन्हं, करंडक, लाकडी गलबत, आणि अगदी मधोमध, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुकानाची चिठ्ठी तशीच लावलेला एक पंचा. पंचा म्हणजे पांढरा, निळ्या काठांचा टॉवेल.

"हा?"

वेळासकरांच्या कपाळावरची शीर उठली.

"हा सत्काराचा. आतिफाबाईंचा निबंध परदेशात छापून आला तेव्हा गावाने सत्कार केला. अध्यक्ष मी. शाली कमी पडल्या. शाल त्यांना, आणि मला हा. माईकवर सांगून, सगळ्यांसमोर." ते हसले, ओठ हलले, बाकी चेहरा जागेवर राहिला. "मी तो वापरला नाही. जपून ठेवलाय. रोज बघतो."

शहरबानूंना हा माणूस आरपार कळला. त्यांच्याही कपाटात असे पंचे होते, फक्त ते दिसत नव्हते.

जिन्यात आतिफा वाट पाहत होती. "कळलं?"

"कळलं. सिद्ध करणं कठीण. पोलिसांत गेलो तर फौजदार विचारेल, मयत कोण? आणि तू पावडरीची डबी पुढे करशील."

"मग सोमवारी मी काय करू?"

"तुझ्याकडे काही पट्ट्या शिल्लक आहेत?"

"दोनच. अंधारात ठेवल्यात."

"त्या माझ्या घराच्या गच्चीवर लाव. आज आणि उद्याचं ऊन पिशवीत भर. आणि कुणाशी बोलू नकोस."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी चहा," शहरबानू म्हणाल्या. त्यांचे डोळे बंदरावर असताना चमकत तसे चमकत होते.

६

सोमवारी समिती आली तेव्हा गच्चीवर टेबल, कप आणि शेगडीवर एक किटली होती. शेगडीतून ज्वाळा दिसत नव्हती, त्यामुळे तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. कैस आणि रितेश कठड्याशी आरोपींसारखे उभे होते. दादू चहा गाळत होता.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "प्राचार्य, त्या दिवशीच्या पाण्यात काही दोष असू शकतो का?"

"अजिबात नाही. पाणी माझ्या देखरेखीखाली होतं. पिण्यालायक, शुद्ध."

"मी तेच म्हणते," शहरबानू मध्ये पडल्या. "सर म्हणतात पाणी शुद्ध होतं, मग वाया कशाला घालवायचं? म्हटलं, चहा करू या. दादू, आधी सरांना दे."

वेळासकरांनी कप हातात घेतला. वाफ नाकाशी आली. कपाळावरची ती शीर पुन्हा उठली. त्यांनी कपाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, अध्यक्षबाईंकडे पाहिलं. मग त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा.

तेवढ्यात कठड्याशी मोठा आवाज झाला. कैसने तोंडातला चहा खाली नारळीच्या बुंध्यात फेकला होता.

"या अल्ला! खाला, यात पादेलोण पडलंय!"

"मॅडम, ही तर पाणीपुरी आहे," रितेश म्हणाला, "दूध घातलेली."

अध्यक्षबाईंनी घोट सभ्यपणे बशीत परत पाठवला. सोबतच्या सदस्याकडे तेवढी सभ्यता नव्हती. सगळ्यांनी कप खाली ठेवले आणि मग एकेक करून सगळे प्राचार्यांकडे वळले. प्राचार्यांचा कप रिकामा होता.

"साखर बरोबर आहे ना, सर?" शहरबानूंनी मऊ आवाजात विचारलं.

"बरोबर."

"पत्ती?"

"उत्तम."

दादूने भिंत धरली. हा शब्द त्याने या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता.

"अजून एक?"

वेळासकरांनी कप पुढे केला.  त्यांनी दुसरा कपही प्यायला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि सगळे बघत राहिले. शहरबानूंनी घाई केली नाही. अशा गोष्टी त्या सावकाश बघत.

"बाई," त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या, "गुरुवारी तांब्यात पादेलोण पडलं. टाकीत कुणी टाकलं असतं तर संशय रितेशवर. पण त्याला टाकी रोज उघडी, चावी त्याच्याकडे. एवढ्या लोकांत तांब्याशी खेळायची त्याला काय गरज? कैसही नाही, तो त्या टोकाला सरबतात अडकलेला. वाटी तांब्याजवळ पोचली ती सरांच्या हातात, आणि तिथे रिकामी झाली. सर मला म्हणाले, पादेलोणाला हात लावत नाही, रक्तदाब आहे."

"कैस खोटं बोलतोय," वेळासकर खरखरीत आवाजात म्हणाले.

"असू शकतं. वाटी तुम्हाला दिली असं रितेशही म्हणतो, तोही खोटं बोलत असेल. पण चांदी खोटं बोलत नाही. तांब्या आतून काळा पडला, दादूने पाहिला. शनिवारी मी पाहिला तर आतून आरसा. या किनाऱ्यावर तांब्या बाहेरून सगळे घासतात, सर. आत हात जात नाही, आत कोण बघतं? आतून चकाकी आणायची तर सोनाराकडे नेऊन तेजाबात, ॲसिडमध्ये, बुडवावा लागतो. आणि मला खरं कळलं ते त्यामुळेही नाही."

"मग?" अध्यक्षबाई पुढे झुकल्या.

"डस्टरसाठी वर्गच्या वर्ग उन्हात उभे करणारा माणूस, घरची चांदी काळी पडली तर गप्प बसतो. का? कारण ओरडलं तर सगळे विचारतील, काळी कशाने पडली? आज हा चहाही त्याच कारणासाठी मुकाट्याने प्यायला."

वेळासकरांनी रिकामा कप बशीत ठेवला. 

"हे... हे टाकीतलं पाणी होतं," वेळासकर म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

"छे हो. ते लाखेचं सील लावून माझ्या कपाटात आहे, बाई मुंबईला नेऊन तपासतील. हे नळाचं, आणि पादेलोण माझ्या डब्यातलं. तुम्ही पहिल्याच घोटाला 'शी' म्हटलं असतंत तर माझ्याकडे बोलायला अर्धंच राहिलं असतं."

वेळासकरांचा चेहरा हळूहळू लाल झाला आणि मग सगळं एकदम बाहेर आलं. "मी अध्यक्ष होतो! माझ्या महाविद्यालयाची बाई, माझी गच्ची, आणि मला पंचा! माईकवर सांगून!" आवाज फाटला. "सगळ्यांसमोर तिचीही टाकी थंड पडायला हवी होती. सगळ्यांसमोर!"

आतिफा पुढे आली. "सर," ती म्हणाली, "त्या दिवशी शाल मी तुम्हाला द्यायला निघाले होते. तुम्ही तोवर निघून गेला होतात."

 अध्यक्षबाईंनी घसा साफ केला.

"प्राचार्यांचं संस्था पाहून घेईल. तरी मूळ प्रश्न उरतोच, डॉक्टर. पावडर काम करते, हे आम्ही पाहिलेलं नाही."

"पाहिलंत," आतिफा म्हणाली. "प्यायलात."

तिने नारळाच्या काथ्याचा एक धागा घेतला आणि किटलीखाली, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे धरला. काथ्या भप्पकन पेटला. "हायड्रोजनची ज्वाळा उन्हात दिसत नाही. हा चहा दोन दिवसांच्या उन्हावर आणि दोन पट्ट्यांवर उकळलाय." तिने पिशवीची नळी अध्यक्षबाईंच्या हातात दिली. अध्यक्षबाई खाली वाकल्या, पुन्हा वाकल्या, आणि मग चष्मा काढून टेबलाखाली कुठे सिलिंडर लपवलाय का ते शोधू लागल्या. सिलिंडर नव्हता. सोबतच्या सदस्याने आपण होऊन चांगला चहा मागितला.

"दादू," शहरबानू म्हणाल्या, "सरांचं तोंड खारट झालं असेल. केबिनमधल्या कपाटातून पंचा आण."

दादू धावत गेला आणि धावत आला. शहरबानूंनी प्लॅस्टिक फाडलं, चिठ्ठी तशीच राहू दिली, पंचा उलगडला आणि प्राचार्य वेळासकरांच्या दोन्ही खांद्यांवरून, शाल पांघरतात तसा, नीट सरळ करून पांघरला. दोन पावलं मागे सरून त्यांनी पाहिलं. काठ एका बाजूला थोडा वर होता, तो खाली ओढला.

या वेळी टाळ्या मात्र कुणी वाजवल्या नाहीत.